वडधम जीवाश्म उद्यान

वडधम जीवाश्म उद्यान हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात असलेले जीवाश्मस्थळ आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील हे स्थळ वृक्षांच्या अश्मीभूत खोडांसाठी ओळखले जाते.

निर्मिती

गाळाखाली गाडले गेलेले लाकूड हवेअभावी लवकर कुजत नाही. भूजलात विरघळलेली सिलिका त्याच्या पेशींत साचत जाते व लाकडाची रचना दगडात टिकून राहते. ही सिलिका आरंभी बहुधा ओपल या पाणीयुक्त रूपात असते. कालांतराने पाणी निघून जाऊन तिचे क्वार्ट्झमध्ये रूपांतर होते. ‘ओपल’ हे नाव संस्कृत ‘उपल’ (दगड) या शब्दावरून आले असावे, असे मानले जाते.

परिसरातील इतर जीवाश्म

याच तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ कोटा शैलसमूहात ‘बारापासॉरस टागोरी’ या ज्युरासिक काळातील शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष सापडले. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा सांगाडा कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे.

संवर्धन

जीवाश्माचे वय व तत्कालीन पर्यावरण ठरवताना तो कोणत्या थरात होता, हे महत्त्वाचे असते. मूळ जागेवरून उचललेल्या तुकड्याबाबत ही माहिती कायमची नष्ट होते. त्यामुळे उघड्यावरील खोडांचे जागीच जतन करणे आवश्यक ठरते.