पद्मिनीचे दुखणे : एका वहीच्या निमित्ताने

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारांनी लिहिला गेला आहे. एक उद्योगाचा इतिहास, ज्यात परवाने, कारखाने, संप आणि उत्पादनाचे आकडे येतात. दुसरा स्मरणरंजनाचा, ज्यात काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलेला मरीन ड्राइव्ह येतो. या दोहोंच्या मध्ये गाडीचे आजारपण राहून जाते. गाडी सकाळी चालू का झाली नाही, घाटात का थांबली, पावसात का गुदमरली आणि याचे कारण घरच्या माणसांना कसे कळले, याची नोंद कोणताच इतिहासकार ठेवत नाही. आमच्या समोर तशी नोंद असलेली एक वही आहे. १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या कप्प्यात ती कित्येक वर्षे होती. वहीकडे वळण्यापूर्वी गाडीची थोडी कुळकथा सांगणे भाग आहे.

वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या गेल्या. पन्नासच्या दशकात फियाट आली. त्या दशकातल्या गोलमटोल फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले आणि ते नाव आजही टिकून आहे. १९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाले. हे नाव चितोडच्या राणीवरून घेतले असे सांगतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना मात्र कामशास्त्रातले चार नायिकाप्रकार आठवतील आणि या गाडीचा पहिल्या गिअरमधला आवाज ऐकल्यावर 'हस्तिनी' अधिक शोभले असते, असेही कदाचित वाटेल.

इटलीत ही ११०० डी १९६२ ते १९६६ एवढीच निघाली. आपल्याकडे तीच गाडी, १०८९ सीसीच्या इंजिनाच्या आधारे, २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. तिच्या जन्मभूमीत चार वर्षे, आपल्याकडे सुमारे छत्तीस. या एका तफावतीत परवाना-राज्याचा सगळा अर्थ आहे, आणि ज्या ज्ञानाविषयी आम्ही लिहीत आहोत त्याचे मूळही तिथेच आहे. दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलली असती, तर तिच्या व्याधींची परंपरा तयार झाली नसती. तीन पिढ्यांच्या मेस्त्रींनी एकच शरीर उघडले, म्हणून त्याचे एक वैद्यक निर्माण झाले.

आता वही. तिच्या डाव्या पानावर पेट्रोल, ऑइल आणि किलोमीटर यांचा हिशेब आहे. तो आमच्या आईच्या हातचा. उजव्या पानावर वडिलांनी लिहिलेल्या तक्रारी आणि त्यांवर केलेले उपाय. वडील मोटारीचे जाणकार नव्हते, कारकुनी पेशाचे होते. पण बुकिंग करून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली गाडी बंद पडली की दुसरी मिळण्याची शक्यता नव्हती, आणि माणूस गरजेपोटी वैद्य होतो.

वहीतली पहिली शिस्त अशी, की गाडी चालू झाली नाही तर आधी दोनच प्रश्न विचारायचे : करंट येतो का आणि पेट्रोल येते का. प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचे. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर करंट ठीक. पिवळट, मरगळलेली असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट पाहायचे. पॉइंटवर काजळी धरली असेल तर पॉलिश पेपरने घासायचे, आणि फीलर गेज हाताशी नसेल तर दुमडलेल्या पोस्टकार्डाच्या जाडीने अंतर लावायचे. पावसाळ्यात या झाकणाच्या आत दमटपणा साठतो आणि ठिणगी वाट चुकते; फडक्याने पुसून झाकण कोरडे केले की निम्म्या वेळा गाडी मुकाट्याने चालू होते. करंट असूनही चालू होत नसेल तर पंपाची नळी काढायची. पेट्रोल उडत असेल तर दोष कार्बोरेटरकडे, म्हणजे बहुधा जेटमध्ये कचरा.

बोरघाटाचे प्रकरण वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत खंडाळ्याच्या चढावर गाडी आचके देऊन थांबे. करंट उत्तम, टाकीत पेट्रोल भरपूर, तरी इंजिन उपाशी. इंजिनाच्या अंगाला चिकटून असलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही, हे त्याचे कारण. त्यावर उपाय म्हणजे ओले फडके. पंपावर गार पाण्याचे फडके घालायचे, बॉनेट उघडे ठेवायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, त्यापूर्वी उन्हाळ्यात पुण्याला गेलेल्या पिढीला घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या, डोक्यावर फडके घेतलेल्या तापाच्या रोग्यांसारख्या त्या गाड्या आठवत असतील.

धुराचे वाचन ही त्यापुढची पायरी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, चोक अडकला असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. रिंगा झिजल्या, 'हाफ इंजिन'चे काम जवळ आले. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट गेले समजावे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले की शंकाच उरत नाही. हँड गिअरची व्यथा साधी पण लाजिरवाणी : सांधे झिजले की दांडा दोन गिअरांच्या मध्ये अडकतो आणि भर चौकात उतरून, बॉनेट उघडून तो हाताने सोडवावा लागतो.

हे सर्व वाचताना आमचे लक्ष यंत्रापेक्षा भाषेकडे अधिक जाते. गाडी तापते, धापते, तेल पिते, मिसिंग मारते, पिकअप घेत नाही. बॅटरी 'बसते', क्लच प्लेट 'जाते', ब्रेक 'हवा पकडतो'. इंग्रजी नामे आणि देशी क्रियापदे यांची ही जोडणी कोणत्याही परिभाषा कोशाने केली नाही. ती गॅरेजांतून, हिंदी, उर्दू, मराठी आणि गुजराती बोलणाऱ्या माणसांच्या हातांतून झाली. शासकीय परिभाषेने यंत्रांसाठी जे संस्कृतप्रचुर शब्द घडवले, ते एकाही मेस्त्रीच्या तोंडी आम्ही कधी ऐकले नाहीत.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा कवी, नामदेव ढसाळ, मुंबईत टॅक्सी चालवून पोट भरलेला माणूस होता, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या अपरिचित शब्दांशी झटापट करावी लागली. त्या शब्दांसाठी मराठी समीक्षेने पुढे टिपा लिहिल्या, प्रबंध लिहिले. त्याच रस्त्यावरच्या कामाच्या भाषेला मात्र आपण हात लावला नाही. पुलंच्या 'म्हैस'मध्ये रस्त्यावर अडकलेली एस.टी. आहे, पण तिथे म्हैस आडवी येते. इंजिन आडवे येत नाही. यंत्राचे दुखणे हा आपल्या ललित गद्याला कधी विषयच वाटला नाही, असे आमचे मत आहे.

मात्र या वहीवरून गतकाळाचे गोडवे गाण्याची आमची तयारी नाही. मालकाला जे कळत होते ते कळावेच लागत होते, कारण कारखान्याला सुधारणा करण्याची निकड नव्हती आणि ग्राहकाला पर्याय नव्हता. गॅरेजातल्या 'छोटू'चे बालपण या ज्ञानपरंपरेत खर्ची पडले, हेही विसरता येत नाही. सुट्या भागांची कथा आणखीच कडवट. अस्सल भाग महाग, म्हणून लोक नकली घेत. आमच्या शेजारच्या उल्हासनगरच्या नावाने 'मेड इन यूएसए'चा जो विनोद सांगितला जातो, त्यावर हसणारे बहुतेक जण त्या मालाचे गिऱ्हाईक होते. पत्र्याचे तर विचारूच नये. कोकणपट्टीच्या हवेत पायाखालचा पत्रा सडतो, त्यावर लांबी भरून रंग दिला जातो आणि दोन पावसाळ्यांनी तीच जागा फुगून वर येते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घाटात थांबणे ही अपरिहार्यता नाही हे लोकांना कळले. पुढे कार्बोरेटर गेले, इंधन इंजेक्शन आले आणि निदान स्कॅनरच्या पडद्यावर आकड्यांत उमटू लागले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

आमची गाडी तोवर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. २६ जुलै २००५ च्या पुरात ती दादरलाच असल्याने वाचली होती. २०१९ च्या जुलैअखेर, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्याच रात्री, उल्हास नदीचे पाणी आवारात शिरले आणि सीटपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी प्रेमाने सुचवले की एकदा चावी फिरवून पाहा. ती फिरवली नाही, एवढेच शहाणपण वहीमुळे आमच्याकडे होते. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टेशनाजवळच्या एका वयस्क मेस्त्रींनी आधी बॅटरीची वायर सोडवली, चारही प्लग काढले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढले, ऑइल दोनदा बदलले, स्टार्टर उन्हात वाळवला. अकराव्या दिवशी गाडी चालू झाली. मेस्त्री म्हणाले, "साहेब, नवी असती तर इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केली असती."

एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. त्या वर्षी नूतनीकरण करायचे की गाडी भंगारात द्यायची, यावर घरात बरीच चर्चा झाली. नूतनीकरण केले.

वही मात्र त्या रात्री कप्प्यातच होती. पंख्याखाली एकेक पान सुटे करून वाळवले तेव्हा दिसले, की १९८७ नंतरचा मजकूर जवळपास जसाच्या तसा आहे, कारण तो बॉलपेनने लिहिलेला होता. त्याआधीची पाच वर्षे वडील शाईचे पेन वापरत. त्या पानांवर आता फक्त निळसर डाग आहेत. आणि डाव्या बाजूला आईने शिसपेन्सिलीने मांडलेला पेट्रोलचा हिशेब, तो स्पष्ट वाचता येतो.