चुट्टी टीव्ही : परकी चित्रे, घरची भाषा

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आले, ते इंग्रजीतून. तमिळ बालकांसाठी स्वतंत्र वाहिनी निघण्यास मात्र २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी चेन्नईच्या सन नेटवर्कने ‘चुट्टी टीव्ही’ सुरू केली. चुट्टी म्हणजे खोडकर, चुणचुणीत मूल. पुढे २००९ मध्ये तेलुगूत ‘खुशी’ व कन्नडमध्ये ‘चिंटू’, तर २०११ मध्ये मलयाळममध्ये ‘कोचु’ या वाहिन्या निघाल्या.

‘चुट्टी’वर गाजलेली डोरा मूळची अमेरिकन, तमिळ होता तो केवळ तिचा आवाज. तथापि एवढ्यावरून ही वाहिनी परकी ठरविणे घाईचे होईल. डोरा प्रेक्षकाला प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबते. तो प्रश्न तमिळमध्ये आला, तेव्हाच इंग्रजी न जाणणाऱ्या मुलासही उत्तर देता आले. वाहिनीचे प्रादेशिकत्व चित्रांच्या उगमापेक्षा या संवादात शोधणे इष्ट होय.