सुई, वायर आणि पन्नास हर्ट्झचा घूंऽऽ

1902 साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा आवाज टिपायला वीज लागलीच नाही. भोंग्यासमोर गायचं, त्या कंपनांनी सुई मेणावर रेघ कोरणार. ऐकणाऱ्याने फोनोला चावी द्यायची, झालं.

वायर नव्हती, पण सेटअप होताच. चावी उतरत आली की वेग पडायचा. 78 फेऱ्यांची तबकडी साडेत्र्याहत्तरवर आली, की गाणं अख्खी एक पट्टी उतरतं. पांढरी पाचमध्ये गायलेलं काळी तीनमध्ये ऐकू येतं. आणि पोलादी सुई? ती दर बाजूला बदलायची. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते, ती सुईला घासून धारदार करते, मग तीच सुई खाचेला खरवडते. काटकसरीपायी लोक एकच सुई दहा-दहा गाण्यांना चालवत. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या खरखरतात त्यात काळापेक्षा अशा सुयांचा दोष जास्त, असं माझं मत. खाचेतून गेलेला सूर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतोय.

1925 नंतर मायक्रोफोन आला, हळूहळू घरातल्या प्लेअरलाही वायर आली. स्वस्त प्लेअरमधलं क्रिस्टल पिकअप बऱ्यापैकी जोरकस सिग्नल द्यायचं, त्यामुळे घूं फारसा जाणवत नसे. आजचं मॅग्नेटिक कार्ट्रिज देतं जेमतेम 5 मिलिव्होल्ट. त्यात एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. तो परत उचलायला 1954 पासूनच्या आरआयएए नियमाप्रमाणे फोनो अँप 50 हर्ट्झला 1000 हर्ट्झच्या सुमारे सातपट वाढवतो. आणि आपल्या घरातली वीज किती हर्ट्झची? बरोबर, पन्नासचीच!

आमच्या शेलूबाजारात उन्हाळ्यात कूलर चालूच असतो. त्याची वायर सिग्नलच्या वायरीसोबत गुंडाळली की गाण्याखाली घूं आलाच. दोन्ही लांब ठेवायच्या. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. अर्थची बारीक वायर अँपच्या स्क्रूला घट्ट. टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर नको. भिंतीतला कडप्पा उत्तम, रस्त्यावरून ट्रक गेला तरी सुई हलत नाही. हजारोंच्या केबलचा विचार त्यानंतर.

करून बघा. तबकडी थांबवा, सुई वर, व्हॉल्यूम थोडा जास्त. वायर हळूहळू सरकवा. घूं जिथे सगळ्यात कमी, तिथेच ती चिकटपट्टीने बसवा.