बोरघाटातला खेकडा

मागच्या महिन्यात लोणावळ्यात गाडी फुल चार्ज केली आणि बोरघाट उतरायला लागलो. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटरच गाडीला रोखते, ही अंगवळणी पडलेली सवय. त्या दिवशी रोखलंच नाही! बॅटरी शंभर टक्के भरलेली, मग उतारावर तयार होणारी वीज ठेवणार कुठे? ब्रेक दाबतच खाली आलो. आणि मला खेकडा आठवला.

खेकडा म्हणजे जीआयपी रेल्वेचं मालगाडीचं विजेचं इंजिन, पुढे ज्याला डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. पहिलं १९२८ साली स्वित्झर्लंडमध्ये बनलं.

बोरघाटात आगगाडी आली १८६३ मध्ये. चढ ३७ फुटांना १ फूट. चढणं अवघड, पण उतरणं त्याहून धोक्याचं. भरलेली मालगाडी नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर रोखली, तर ठोकळे आणि चाकं तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. म्हणून तर सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवायला घाटात कॅच सायडिंग ठेवल्या.

१९२९ मध्ये १५०० व्होल्ट डीसीची तार पुण्यापर्यंत पोचली. आता उतरताना खेकड्याची मोटर जनित्र होऊ शकत होती. डीसी सिरीज मोटर आपणहून हे करत नाही बरं का. तिच्या फील्डला वेगळा पुरवठा द्यावा लागतो. फील्ड वाढवलं की मोटरचा व्होल्टेज तारेपेक्षा वर जातो, प्रवाह उलटा वाहतो आणि चाकांना अडवतो. ठोकळे थंड राहतात, वर वीजही परत मिळते.

पण ती वीज घेणार कोण? एकतर जवळपास चढणारी दुसरी गाडी, नाहीतर वीज परत घेऊ शकणारं सबस्टेशन. घेणारं कुणीच नसेल, तर तारेतला व्होल्टेज चढत जातो आणि हा ब्रेक सोडून द्यावा लागतो. मग भिस्त पुन्हा ठोकळ्यांवरच.

माझ्या गाडीचं तरी वेगळं काय झालं? घेणारी होती बॅटरी, आणि ती भरलेली होती. शंभर वर्षांत मोटर बदलली, कंट्रोलर आला, पण नियम तोच: घेणारा असेल तरच हा ब्रेक लागतो.

मुंबईत नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा उभा आहे, जाऊन बघा. आणि घाटमाथ्यावर चार्ज करताना थोडी जागा रिकामी ठेवा. भेटू पुढच्या भागात.