शहात्तर अंशांचा इतिहास

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्वतीरावर बजबज नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकाला ते दोनतीन कारणांनी परिचित असते. १७५६ च्या डिसेंबरात क्लाइव्हच्या फौजेने येथील किल्ला घेतला. १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथे उतरले. आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी 'कोमागाटा मारू'च्या उतारूंवर येथेच गोळीबार झाला. या ठळक घटनांच्या छायेत बजबजचा आणखी एक इतिहास झाकून गेला आहे. तो तेलाचा होय.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कलकत्ता बंदराचा खनिज तेलाचा धक्का शहरापासून दूर, येथे बांधण्यात आला. त्या काळी तेल मुख्यत्वे अमेरिकेहून येई. लाकडी खोक्यात दोन डबे, अशी त्याची बांधणी असे. 'रॉक ऑइल'चे आपण मराठी माणसांनी 'रॉकेल' करून टाकले, आणि तेल संपल्यावरही डबा घरोघर धान्य साठवीत राहिला.

परंतु हे तेल घरात ठेवण्याइतके निर्धोक आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? ब्रिटनमध्ये १८७९ च्या कायद्याने सर फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाचे उपकरण मान्य केले होते. झाकणाच्या पेल्यात तेल घ्यावयाचे, भोवतीच्या पाण्याने ते सावकाश तापवावयाचे, आणि अंशाअंशाला झाकणाची खिडकी उघडून इवलीशी ज्योत आत दाखवावयाची. ज्या अंशाला निळसर भडका दिसेल तो त्या तेलाचा ज्वलनांक. ब्रिटनची मर्यादा ७३ अंश फॅरनहाइट होती. त्याखाली जे भडकेल ते धोक्याचे.

लंडनच्या थंड खोलीत ही कसोटी सरळ होती. कलकत्त्यात मात्र वैशाखातली हवाच ९५ अंशांच्या वर जाते! तेल पेल्यात ओतताना जर मर्यादेहून अधिक तापलेले असेल, तर त्याची वाफ आधीच साचलेली असते, आणि खिडकी प्रथम उघडताच भडका उडतो. म्हणजे परीक्षकाच्या हाती जो आकडा येई तो तेलाचा किती आणि ऋतूचा किती, हे सांगणे कठीण. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नव्हती. रवानगीच्या वेळी निर्दोष ठरलेला माल येथे धोक्याचा ठरण्याची भीती होती. आणि मर्यादा सैल करावी, तर झोपडीतल्या चिमणीशी गाठ होती.

तेव्हा स्वतः एबल आणि त्यांचे सहकारी बॉव्हर्टन रेडवुड यांनी उष्ण प्रदेशातील हवामान लक्षात घेऊन पुन्हा प्रयोग केले. तेल आधी पुरेसे थंड करून मगच परीक्षेस घ्यावे, हवेच्या दाबाचाही हिशेब धरावा, असे त्यातून ठरत गेले. हिंदुस्थानच्या १८९९ च्या कायद्यात धोक्याच्या तेलाची मर्यादा ७६ अंश आहे. १९३४ च्या कायद्यानेही तीच ठेवली. १९७० च्या दुरुस्तीनंतर तेलाचे तीन वर्ग झाले आणि पहिल्या वर्गाची सीमा २३ अंश सेल्सिअस आली. कायद्याच्या एका कलमातला एक आकडा, पण त्यासाठी किती बर्फ वितळले असेल! माझ्या मते या प्रकरणात श्रेय कसोटी शोधण्याइतकेच, आपलीच कसोटी परक्या हवेत पुन्हा तपासण्याला आहे.

हाच प्रश्न पुढे मोटारीबरोबर निराळ्या रूपाने आला. १९२३ मध्ये अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्घ यांनी इंजिनाच्या तेलाची गाळणी काढली. आज प्रयोगशाळेत अशी गाळणी तपासताना तेल ठरावीक वेगाने तिच्यातून पुन्हापुन्हा फिरवितात, मोजलेली धूळ त्यात सतत सोडतात, आणि गाळणीच्या आधीचे व नंतरचे कण मोजतात. रस्त्यावर काय घडते? पहाटेच्या थंडीत तेल घट्ट असते. गाळणीवरचा दाब वाढला की बगलेची झडप उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात जाते. चौकाचौकात थांबणाऱ्या मोटारीत तेलाचा वेग क्षणोक्षणी बदलतो. महिनोन्महिने साचणारी काजळी तर इतकी सूक्ष्म असते की तिचा बराच भाग कागदी गाळणीतून निसटतो. दोन गाळण्यांत सरस कोणती, हे प्रयोगशाळा नेमके सांगते. त्या मोटारीत किती काळ टिकतील हे मात्र तिच्या आकड्यावरून वाचता येत नाही. त्यासाठी वापरलेले तेल काढून, त्यातले लोखंड आणि तांबे मोजावे लागते.