अशिलाने गुन्हा कबूल केला, मग वकिलाने काय करावे? लंडनचा कुर्व्हाझिये खटला, १८४०

१/ शुक्रवार, १९ जून १८४०. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एका खुनाच्या खटल्याचा दुसरा दिवस सुरू व्हायचा होता. कामकाजापूर्वी आरोपीने आपल्या दोन्ही वकिलांना बोलावून घेतले आणि खून आपणच केल्याचे सांगितले. मग आता न्यायालयातही गुन्हा कबूल करणार ना, असे वकिलांनी विचारले. आरोपीचे उत्तर नकारार्थी होते. वकिलांनी शेवटपर्यंत आपला बचाव करावा, अशी त्याची अपेक्षा होती.

२/ वकिली व्यवसायाच्या नीतीचा विचार करताना इंग्लंडमध्ये आणि पुढे भारतातही जो प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला, तो या प्रसंगात विलक्षण स्पष्टपणे समोर येतो. अशील दोषी आहे हे वकिलाला ठाऊक असेल, तर त्याने काय करावे आणि कुठे थांबावे? आधी खटला समजून घेऊ.

३/ ६ मे १८४०. जगातील पहिले टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, अधिकृतपणे वापरात आले तो हा दिवस. त्याच सकाळी लंडनच्या नॉरफोक स्ट्रीटवरील १४ क्रमांकाच्या घरात लॉर्ड विल्यम रसेल हे ७२ वर्षांचे वृद्ध अमीर बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत आढळले. तत्कालीन मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांचे ते काका. सरदार घराण्यातला माणूस स्वतःच्या शयनगृहात मारला जातो, या बातमीने सारे लंडन हादरले.

४/ घरात राहणारे नोकर तिघेच होते: मोलकरीण सारा मॅन्सर, एक स्वयंपाकीण आणि फ्रान्स्वा बेंजामिन कुर्व्हाझिये हा २३ वर्षांचा स्विस खिदमतगार. कुर्व्हाझिये नोकरीला लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. घरातील सामान विस्कटलेले होते. वरवर पाहता चोरांचे काम वाटावे अशी मांडणी होती. पण पोलिसांना ती बनावट वाटली.

५/ नोकराच्या कोठीतील भिंतीलगतच्या लाकडी पट्टीमागे अंगठ्या, सोन्याची नाणी व एक पदक सापडले. कुर्व्हाझियेच्या पेटीत रक्ताचे डाग असलेले हातमोजेही मिळाले. मात्र हीच पेटी पोलिसांनी आधी तपासली होती आणि तेव्हा तीत असे काही आढळले नव्हते. शिवाय गुन्हेगार पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले होते. बचाव पक्षाच्या हाती हा भक्कम मुद्दा होता.

६/ बचावाची धुरा चार्ल्स फिलिप्स या आयरिश बॅरिस्टरकडे होती. सोबतीला क्लार्कसन हे दुसरे वकील. फिलिप्स हे गाजलेले वक्ते. सरकार पक्षाचा पुरावा सर्वस्वी परिस्थितीजन्य होता. खून होताना कोणी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी फिलिप्स यांनी सारा मॅन्सरची कसून उलटतपासणी केली, तिच्या जबाबांतील फरक पुढे आणले आणि ज्युरीच्या मनात शंका पेरली. आरोपी सुटेल, असा रंग दिसू लागला.

७/ त्याच सुमारास चित्र पालटले. लेस्टर स्क्वेअरजवळ आपल्या पतीसह हॉटेल चालवणारी शार्लोट पिओलेन ही बाई पुढे आली. कुर्व्हाझिये तिच्या ओळखीचा होता आणि त्याने तिच्याकडे एक पुडके ठेवायला दिले होते. ते उघडले तेव्हा आत रसेल घराण्याची मुद्रा असलेली चांदीची भांडी निघाली. दुसऱ्या दिवशी ती साक्ष देणार होती. याच वळणावर कुर्व्हाझियेने वकिलांजवळ तोंड उघडले.

८/ येथे काळाची चौकट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करण्याचा अधिकारच मुळी १८३६ च्या कायद्याने मिळाला. त्यापूर्वी तो साक्षीदारांची उलटतपासणी करू शके, कायद्याचे मुद्दे मांडू शके. ज्युरीला उद्देशून बोलू शकत नसे. म्हणजे फिलिप्स वापरत असलेला हक्क अवघा चार वर्षांचा होता आणि त्याच्या मर्यादा कोणी आखलेल्या नव्हत्या.

९/ दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याची मुभा आरोपीला सर्वसाधारणपणे नव्हती. ती १८९८ साली मिळाली. वकिलाने ऐन खटल्यात अंग काढून घेतले असते, तर आरोपी जवळजवळ मुका ठरला असता. शिवाय तसे करण्याचा अर्थ ज्युरीला न सांगताही कळला असता. वकिलाचे मागे सरणे हाच फाशीचा निकाल झाला असता.

१०/ फिलिप्स हादरले. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो वकीलपत्र सोडण्याचा. क्लार्कसन यांनी सल्ला घेण्याचे सुचवले. खटला मुख्य न्यायमूर्ती टिंडल यांच्यापुढे चालू होता. न्यायासनावर बॅरन पार्क हे दुसरे न्यायाधीशही होते, पण खटला त्यांच्याकडे नव्हता. दोघे वकील पार्क यांच्याकडे गेले.

११/ पार्क यांनी एकच गोष्ट विचारली: तुम्हीच बचाव करावा, असा आरोपीचा आग्रह आहे काय? होकार मिळताच त्यांनी सांगितले की मग माघार घेता येणार नाही. समोर आलेल्या पुराव्यातून जे जे उचित युक्तिवाद निघतात, ते सारे करणे वकिलावर बंधनकारक आहे. या उत्तरातील ‘उचित’ आणि ‘पुराव्यातून’ या दोन शब्दांवर पुढे वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला.

१२/ आता पार्क यांच्याकडे जाणे तरी योग्य होते काय? अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलांनी अशा न्यायाधीशाच्या कानावर घातली, जो त्याच खटल्यात टिंडल यांच्या शेजारी बसलेला होता. संकटात सापडलेल्या माणसाने वडीलधाऱ्याचा सल्ला घ्यावा, इतके ते स्वाभाविक होते. तरीही ज्याचे गुपित होते, त्याची संमती त्यासाठी घेतल्याचे दिसत नाही.

१३/ शनिवारी, २० जूनला, फिलिप्स यांचे भाषण झाले. पुराव्यातील फटी, पेटीच्या दोन झडत्यांमधील विसंगती, इनामाचा मोह, असा सारा मारा त्यांनी केला. खून कोणी केला हे केवळ सर्वज्ञ परमेश्वरालाच ठाऊक, अशा अर्थाचे वाक्यही ते बोलून गेले. ज्युरीने दीड तासाच्या आत आरोपीला दोषी ठरवले.

१४/ ६ जुलै १८४० रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर कुर्व्हाझियेला जाहीर फाशी देण्यात आली. जमावाचा अंदाज ४०,००० सांगितला जातो. त्या गर्दीत थॅकरे आणि डिकन्स हे दोन तरुण लेखक होते. थॅकरे यांनी या अनुभवावर लिहिलेला लेख फाशीविरोधी लेखनात आजही वाचला जातो.

१५/ निकालानंतर बातमी फुटली की आरोपीने वकिलांजवळ आधीच कबुली दिली होती. लोकांचा संताप खुन्याकडून वकिलाकडे वळला. डिकन्स यांनी टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून फिलिप्स यांच्यावर कोरडे ओढले. नऊ वर्षांनी, १८४९ मध्ये, हे प्रकरण पुन्हा उफाळले. तेव्हा सॅम्युएल वॉरन या वकील-लेखक मित्राच्या आग्रहावरून फिलिप्स यांनी आपली बाजू ‘द टाइम्स’मधून जाहीर केली. पार्क यांच्या सल्ल्याची हकिकत तेव्हा लोकांसमोर आली.

१६/ त्यांच्यावरील आरोप वेगवेगळे करून तपासले पाहिजेत.
पहिला: कबुलीनंतरही वकीलपत्र सोडले नाही. हा आरोप टिकत नाही; वर सांगितल्याप्रमाणे सोडणे म्हणजे अशिलाचा घात ठरला असता.
दुसरा: निर्दोष मोलकरणीवर संशय ढकलला. फिलिप्स यांचे उत्तर असे की तिची उलटतपासणी कबुलीच्या आदल्या दिवशी झाली होती आणि भाषणात आपण नोकराणींवर आरोप करत नसल्याचे स्पष्ट म्हटले होते.

१७/ तिसरा: सत्य ठाऊक असताना परमेश्वराला साक्षीला ओढले. फिलिप्स यांचे म्हणणे होते की आरोपी निर्दोष आहे असे आपण कुठेही म्हटले नाही. शब्दशः ते खरे असेल. परंतु खुनी कोण हे त्या दिवशी परमेश्वराखेरीज फिलिप्स यांनाही ठाऊक होते. ज्युरीची समजूत मात्र उलटी व्हावी, अशीच त्या वाक्याची घडण होती.

१८/ सर्वांत बोचरा मुद्दा शार्लोट पिओलेनचा. तिची साक्ष कबुलीनंतर झाली. ती खरे बोलते आहे, हे फिलिप्स जाणून होते. तरीही उलटतपासणीत तिच्या हॉटेलच्या लौकिकावर, तिथे जुगार चालत असल्याच्या शंकेवर बोट ठेवले गेले. स्वतःहून पुढे येऊन खरे सांगणाऱ्या साक्षीदाराची अब्रू पणाला लागली. तिच्या बाजूने उभा राहणारा वकील त्या दालनात कोणीच नव्हता.

१९/ या दोन टोकांमधील रेषा इंग्लंडच्या बार कौन्सिलने १९१५ मध्ये आखून दिली. खटला चालू असताना कबुली मिळाली, तर वकिलाने बचाव चालू ठेवावा. पुरावा अपुरा आहे, ग्राह्य नाही, न्यायालयाला अधिकार नाही, हे सारे त्याने म्हणावे. मात्र गुन्हा दुसऱ्या कोणी केला असे सुचवू नये आणि खोटा ठाऊक असलेला पुरावा उभा करू नये. थोडक्यात, सरकारला सिद्ध करायला लावणे उचित आणि असत्य रचणे अनुचित.

२०/ हा प्रश्न भारतात त्याआधीच पोहोचला होता. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. कायद्याच्या कलमांसोबत उदाहरणे देण्याची त्यात पद्धत आहे. कलम १२६ च्या पहिल्याच उदाहरणात अशील आपल्या वकिलाला सांगतो की मी बनावट दस्तऐवज केला आहे, तुम्ही माझा बचाव करा. कायदा म्हणतो: दोषी असल्याचे ठाऊक असलेल्या माणसाचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे, म्हणून हे बोलणे गोपनीय राहील.

२१/ त्याच कलमाची दुसरी बाजूही आहे. अशील जर म्हणाला की बनावट दस्तऐवजाच्या आधारे मला मालमत्ता मिळवून द्या, तर त्या बोलण्याला संरक्षण नाही. घडून गेलेला गुन्हा वकिलाजवळ बोलता येतो. पुढचा गुन्हा करण्यासाठी वकिलाची मदत मागता येत नाही. पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ही तरतूद तिथे कलम १३२ मध्ये आहे.

२२/ वकील अधिनियम, १९६१ नुसार स्थापन झालेल्या भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतही हाच धागा सापडतो. आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव करावा. पुरेशा पुराव्याविना कोणाला शिक्षा होऊ नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते. पण हा बचाव उचित आणि सन्माननीय मार्गांनीच करायचा, ही अटही तिथेच आहे.

२३/ या नियमाची कठोर परीक्षा मुंबईत झाली. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील महिलेच्या घरासमोर संतप्त जमाव जमला. पुढे, त्याच हल्ल्यातील एका साक्षीदारासाठीही त्या काम पाहत असल्याचे पुढे आल्यावर हितसंबंधांच्या संघर्षामुळे न्यायालयाने त्यांची नेमणूक रद्द केली आणि दुसरे वकील नेमले.

२४/ सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन व गौरव अगरवाल यांनी न्यायमित्र म्हणून आरोपीची बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम झाली. दरम्यान डिसेंबर २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की अमुक आरोपीचा बचाव करायचा नाही, असे वकील संघटनांचे ठराव बेकायदेशीर आहेत.

२५/ मराठीत एखाद्याची बाजू घेणाऱ्याला सहज विचारले जाते, ‘तू त्याचे वकीलपत्र घेतले आहेस काय?’ या प्रश्नात बाजू मांडणे आणि त्या माणसावर विश्वास असणे, या दोन गोष्टी एक झालेल्या असतात. १८४० च्या लंडनकरांचीही गल्लत नेमकी हीच होती. फिलिप्स यांनी खुन्याची बाजू मांडली, यासाठी त्यांना शिव्या पडल्या. त्यांचा जो खरा दोष होता, त्याची झळ पोहोचली शार्लोट पिओलेनला, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

(समाप्त)