फाटक्या कोनाचा सूर

विक्रोळी स्टेशनात पूर्वेला उतरा, पण १९५१ सालात. खाडीकडच्या गोदरेजच्या कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पोलादी मतपेट्यांची घाई उडालीय. १२ लाखांहून अधिक पेट्या इथून जायच्यात. पत्रा ठोकल्याचा दणका छातीत बसतो. तो तसाच कानात ठेवून थोडं मागे चला, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिसला. पत्ता ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यू.

सॅम फिलिप्स यांचा छोटासा स्टुडिओ. आयक टर्नर यांचा ताफा मिसिसिपीहून आलाय आणि वाटेत गिटारवादक विली किझार्ट यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बिघडलाय, कोन फाटलाय. दुरुस्तीला वेळ नाही. फिलिप्स कागद घेतात आणि कोनात कोंबतात. जवळ सरका. किझार्ट जाड तारांवर बूगीची चाल धरतात, कागद थरथरतो आणि सुराला सॅक्सोफोनच्या घशासारखी खरखरीत कड येते. फिलिप्स ती लपवत नाहीत, उलट ध्वनिमुद्रणात पुढे आणतात. ‘रॉकेट ८८’ हे गाणं जूनमध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं येतं. तबकडीवर नाव मात्र गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचं. किझार्ट यांचं कुठेच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आजच्या विक्रोळीत, कन्नमवार नगरातल्या आपल्या खोलीत परत या. हा आवाज हवा असेल तर एकच ईएल८४ व्हॉल्व्ह असलेला, साधारण ५ वॅटचा अ‍ॅम्प घ्या, कागदी कोनाचा छोटा स्पीकर लावा आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवा. व्हॉल्व्हला पेलवेनासं झालं की लहरीचा माथा चपटा होतो आणि मूळ सुरात नसलेले उपसूर उमटतात. तार हळू छेडली की आवाज निवळतो, जोरात छेडली की पुन्हा खरखरतो. लगाम बोटांत राहतो, म्हणून डिस्टॉर्शन पेडलपेक्षा मला हीच वाट खरी वाटते. ५ वॅटसुद्धा भिंतीपलीकडे चांगले ऐकू जातात, तेव्हा शेजाऱ्यांची वेळ सांभाळा.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचा अ‍ॅम्प करणार असाल तर आधी आत मेनचा ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहा. बऱ्याच स्वस्त सेटांत तो नसतो, चासी थेट मेनला जोडलेली असते. अशा सेटला गिटार कधीही लावू नका. ट्रान्सफॉर्मरच्या सेटातही २०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. व्हॉल्व्हच्या रेडिओंवर हात बसलेला मेकॅनिक शेजारी बसवा, मगच सोल्डरिंग आयर्न तापवा.